नाव काटायचा हुकूम

बातमीत माणसाचं पूर्ण नाव, वय आणि गाव पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, असं मी पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्या बातमीदारांना शिकवत आलो. लतीफ मास्तरांबद्दल लिहिताना हा नियम मी मोडतो आहे. वय साधारण पंचावन्न, गाव हिंगोली. नाव फक्त लतीफ मास्तर. कारण शेवटी देईन.

हिंगोलीच्या मधल्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळेची भाषा उर्दू होती. पहिल्याच आठवड्यातला गुरुवार. साडेचारला शाळा सुटली आणि मैदानावर खाकी कपड्यांतली मुलं चार रांगांत उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात पितळी किंवा लाकडी वाद्य होतं. समोर काळी शेरवानी घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस लांबट वहीतून नावं पुकारत होता. सकाळी ज्याला मी अपूर्णांक समजावले होते तो वसंता, दिगंबरराव पटवाऱ्यांचा मुलगा, दुसऱ्या रांगेत कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, घेऊन उभा होता.

"इमामखाँ," मास्तरांनी पुकारलं.

"हाजिर," वसंता म्हणाला.

"शिवराम सखाराम."

"हाजिर," मोमीनांच्या घरातला एक मुलगा म्हणाला.

असं चाललं होतं. सोळा नावं झाली. सतरावं नाव आलं, "किसन नारायण". कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या रांगेत एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. मास्तरांनी अंगठा बोटांच्या टोकांवरून सावकाश फिरवत चार मोजले, वहीत हजर असल्याची खूण केली आणि अठरावं नाव घेतलं. एकूण नावं बावीस. मुलं मी मोजली. एकवीस.

हजेरी संपल्यावर मी जवळ गेलो. सतरावा मुलगा नसताना त्याची हजेरी कशी लागली, असं विचारलं.

"तुमी हिसाब शिकवता ना?" ते म्हणाले. "नाव पुकारलं. आपण थांबलो. एवढं बराबर झालं की हाजिरी होती. येणं न येणं त्याच्याकडं."

त्या दिवसापासून ते मला हिसाबवाले म्हणू लागले.

शाळेतला बॅन्ड ही हिंगोलीत फार नवलाची गोष्ट नव्हती. गावाबाहेर पूर्वी लष्कराची छावणी होती. ती उठून तीसेक वर्षं झाली होती. बंगले पडले, तबेल्यांत कापूस साठवला जाऊ लागला, आणि कोठारात राहिलेली बॅन्डची वाद्यं सरकारनं शाळेला दिली. त्यांच्याबरोबर लतीफ मास्तर आले, असं लोक म्हणत. त्यांचे वडील छावणीत बॅन्डचे हवालदार होते. मास्तर एकटेच राहत. पत्नी वारली होती, मूल नव्हतं. त्यांच्या हातांना नेहमी पितळेचा आणि चिंचेचा वास असे. चालताना पावलं मोजल्यासारखी पडत. मैदानावर कुणी शीळ घातलेली त्यांना चालत नसे. आणि एक गोष्ट त्यांच्याकडून मी पुष्कळदा ऐकली. एखाद्या मुलानं मित्राला दोनदा हाक मारली की ते तिथल्या तिथे त्याचा कान धरत.

"नाव एकदाच. दुसऱ्यांदा पुकारलं तर दुसराच येतो."

मुलं हसत. पण दोनदा हाक कुणी मारत नसे.

बॅन्डला दोनच चाली येत. एक अतिशय संथ, दुसरी भरभर पावलं टाकण्याची. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तिसरी काहीतरी वाजवा म्हटल्यावर मास्तरांनी अदबीनं सांगितलं, "हुजूर, आमच्याकडं दोनच हायेत. जायाची आन् यायाची. आणखी कुठं जानार?" साहेब हसले. मास्तर हसले नव्हते.

दिगंबरराव एकदा तावातावानं शाळेत आले. हेडमास्तरांकडे न जाता ते सरळ मैदानावर पोचले. मी तिथेच होतो.

"लतीफ मास्तर, आमच्या पोराला तुमी इमामखाँ काहून म्हणता? मुंज झालीय त्याची!"

"त्याला न्हाई म्हनत, पटवारीसाहेब. बाजाला म्हनतो. बाजाला तोंड हाय, पर बोलता येत न्हाई. तुमचं लेकरू त्याच्या वतीनं बोलतं."

"आन् उष्टं? कोणाकोणाचं तोंड लागलं असंल त्याला!"

"इमामखाँचं. आन् त्याच्यामागं सात पोरांचं."

"हा इमामखाँ राहतो कुठं? मलाच बोलू द्या त्याच्याशी."

मास्तरांनी नदीच्या बाजूला बोट केलं. "ईदगाहच्या मागं, तिसरी ओळ, लिंबाखाली. बोला. पर नाव एकदाच घ्या."

ईदगाहच्या मागं काय आहे हे हिंगोलीत सगळ्यांना माहीत होतं. दिगंबरराव खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मेलेल्या माणसाचा बाजा दिला माझ्या पोराला?"

"सगळेच त्यांचे हायेत, साहेब. फुंक पोरांची, आवाज त्यांचा. कुनाला तकलीफ न्हाई."

शेवटी तडजोड झाली. कॉर्नेटला तोंड लावायची पितळी वाटी दर वेळी चिंच आणि राखेनं तीनदा घासायची, वसंतानं घरात शिरण्याआधी अंगणात आंघोळ करायची. वसंताच्या आईनं आणखी एक अट घातली. ती रोज एक तुळशीचं पान पाठवायची आणि ते धुतलेल्या वाटीत ठेवलं जायचं. मास्तरांनी हे आनंदानं मान्य केलं. "इमामखाँला आवडंल," एवढंच म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. संथ चालीच्या तिसऱ्या ओळीत वसंताचा श्वास दर वेळी एकाच जागी तुटायचा. मुलगा धडधाकट होता, कयाधूच्या पात्रात बुडी मारून बराच वेळ राहायचा. मी मास्तरांना विचारलं.

"इमामखाँला दमा व्हता," ते म्हणाले. "तिथंच अडकायचा. बाप सांगायचा."

"हे वसंताला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

मी गणिताचा माणूस. पडताळा घेतला. वसंताच्या हातात दुसरं कॉर्नेट दिलं. त्यानं तीच ओळ एका दमात वाजवली. इमामखाँचं कॉर्नेट दुसऱ्या मुलाला दिलं. त्याचा दम त्याच जागी तुटला. वाद्याला बारीक चीर असेल म्हणून मी ते पाण्यात बुडवून फुंकायला लावलं. बुडबुडे आले नाहीत. पाहिलं तेवढं लिहितो. यापेक्षा अधिक मला माहीत नाही.

छावणीची हकिकत मास्तरांनी एका रविवारी दुपारी सांगितली. आम्ही जुन्या परेडच्या मैदानाकडे फिरायला गेलो होतो. तिथे एक दगडी बांधणीची विहीर आहे, तिच्यावर लोखंडी पत्रा टाकलेला होता. मास्तर त्या पत्र्यापासून दहा पावलं दूर थांबले आणि उभ्यानंच बोलले.

शतक उलटायच्या थोडं आधी छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. लष्करी रिवाज असा की शिपाई मेला की बॅन्ड त्याच्यामागून जाई. जाताना संथ चाल, परतताना भरभर. मसणवट असो, कबरस्तान असो की ख्रिश्चनांची दफनभूमी, बॅन्ड जाई, आणि परतताना उन्हानं घसे सुकलेले असत म्हणून सगळे याच विहिरीवर पाणी पीत.

"पहिल्या दिशी दुसऱ्याच्या मयतीला गेले," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या दिशी आपल्याच. पेद्रू गेला. त्याच्या मागं एकवीस बाजे. मंग वीस. मंग अठरा. चाल तीच, पर तिच्यात भोकं पडत गेली. मी घरात बसून ऐकायचो. सहा वर्सांचा व्हतो. आज कोन गेलं ते मला कुनी सांगायची जरूरत पडली न्हाई. कोनता बाजा वाजत न्हाई, त्यावरून कळायचं."

"किसन नारायण?"

"सगळ्यांत ल्हान. चौदा वर्सांचा. पिकोलो वाजवायचा, ती वीतभर बासरी. त्यानं ती हातातून सोडली न्हाई, म्हनून तिच्यासकट जाळला. म्हनून त्याचा बाजा न्हाई. बाजा न्हाई तर पोरगं कुनाला देनार?"

मग त्यांनी मला गणित घातलं.

"हिसाबवाले, बॅन्डात माझ्या बापासकट तेवीस मानसं. बावीस गेली. उरली किती?"

"एक."

"दोन," ते म्हणाले. "तुमचा हिसाब कच्चा हाय."

मी विचारलं, दुसरा कोण? ते वळून चालू लागले. परतीच्या वाटेवर ते माझ्यापुढे चालत होते आणि त्यांची पावलं भरभर पडत होती.

हजेरीचं कारणही त्या दिवशी कळलं. बॅन्ड बाहेर निघण्याआधी नावं पुकारणं हे हवालदाराचं काम. मेलेल्या शिपायाचं नाव वहीतून काटायचं तर वरून हुकूम यावा लागे. पटकीच्या गोंधळात तो आला नाही. नंतर पलटण दुसरीकडे हलली आणि ज्याच्या सहीनं हुकूम निघायचा तो अधिकारीही गेला. मास्तरांचे वडील मरेपर्यंत रोज संध्याकाळी ओसरीवर बसून बावीस नावं पुकारत राहिले. मग मुलानं ते काम घेतलं. शाळेत बॅन्ड आल्यावर निदान उत्तर द्यायला तोंडं मिळाली, एवढाच बदल. मास्तर दर वर्षी हैदराबादला अर्ज पाठवत. मी त्यातले दोन जबाब स्वतः वाचले आहेत. दोन्हींत एकच ओळ होती. अशा कोणत्याही पलटणीची नोंद या कचेरीत नाही.

"तुम्हीच का नाही काटत?" मी म्हणालो. "एक रेघ तर ओढायची."

"मी कोन?" ते म्हणाले. "फौजी मानसानंच काटायला पायजे. दरवाज्यावर उभं ठेवलंय त्यांना मी. जा म्हनायचा अधिकार मला न्हाई."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, हे मला त्या वाक्यावरून समजलं. बावीस माणसांची सुट्टी.

सत्तेचाळीसपासून हिंगोलीतलं वातावरण बिघडत गेलं. शाळेत निम्मे वर्ग रिकामे असत. हेडमास्तर रजेवर गेले ते आलेच नाहीत आणि त्यांच्या कागदांवर मी सह्या करू लागलो. बॅन्डच्या हजेरीच्या महिनाअखेरीच्या बेरजेखालीही माझी सही पडू लागली. याच काळात रझाकारांच्या स्थानिक म्होरक्यानं मास्तरांकडे बॅन्ड मागितला. संचलनापुढे वाजवायला.

मास्तर म्हणाले, "माझी पलटन मेलेली हाय. मेलेल्याला दुसऱ्या पलटनीत भरती करता येत न्हाई."

ते चेष्टा करताहेत असं समजून त्यानं त्यांच्या थोबाडीत मारली आणि जाताना मोठ्या ढोलाचं कातडं सुरीनं फाडून टाकलं. मास्तरांनी ते मोच्याकडून शिवून घेतलं. त्यानंतर ढोलाचा आवाज घोगरा येई. सोमवार आणि गुरुवारची हजेरी एकदाही चुकली नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदी फौज आली. निजामाचं राज्य काही दिवसांत संपलं. त्यानंतरच्या आठवड्यांत कोण कुणाला का धरून नेतो हे सांगणं अवघड होतं. नेलेले सगळेच परत येत नव्हते. शाळेची झडती झाली. बॅन्डच्या खोलीत एकवीस खाकी गणवेश सापडले. आणि ती वही सापडली. बावीस नावं, लष्करी पद्धतीचे क्रमांक, प्रत्येकापुढे फौज यायच्या आधीच्या गुरुवारपर्यंतची हजेरी. एका गुरुवारी लतीफ मास्तरांना तहसील कचेरीत बसवलं गेलं. दुपारी मला बोलावणं आलं, कारण सही माझी होती.

फौजेचा अधिकारी तरुण होता, तिशीचाही नसेल. तो उर्दू सफाईनं वाचत होता.

"ये बाईस आदमी कहाँ हैं?"

"साहेब, ते मेलेत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा बदलला. मी काय बोललो हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तोवर ही बावीस हत्यारी माणसं लपली आहेत असा त्याचा समज होता. आता त्याला वाटलं, बावीस जणांना कुणीतरी मारलं आहे. नावं तर सगळ्या जातिधर्मांची होती.

"कब मरे?"

"पन्नास वर्षांपूर्वी. पटकीनं."

त्यानं वहीवर बोट ठेवलं. "और हमारे आने से पहले की जुमेरात को परेड पर हाजिर?"

खरी गोष्ट होती तशी सांगितली आणि ती खोट्यापेक्षा वाईट ऐकू आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी त्यानं घड्याळ पाहिलं. साडेचारपर्यंत सगळी मुलं मैदानावर आणा, म्हणाला. वहीतल्या प्रत्येक नावाला उत्तर मिळालं तर मास्तर सुटतील. एका नावाला जरी मिळालं नाही, तरी तो माणूस कुठे आहे हे मास्तरांना सांगावं लागेल, आणि ते दुसऱ्या ठिकाणी सांगावं लागेल.

दुसऱ्या ठिकाणी म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. बाहेर पडताना मनात एकच आकडा होता. सतरा.

शाळेच्या शिपायाला घेऊन मी घरोघर फिरलो. बरीच दारं बंद होती. मोमीनपुऱ्यात एका बाईनं फटीतून सांगितलं, "आमचं लेकरू न्हाई पाठवनार मी, गुरुजी. परवा त्याच्या काकाला असंच बोलवून नेलं." मी वळलो. वीस-पंचवीस पावलांवर तिनंच मागून हाक मारली. "लतीफ मास्तरांसाठी हाय का? मंग थांबा." मुलगा कपडे बदलून बाहेर आला. दोन मुलं आखाडा बाळापूरला मामाकडे गेली होती, तिघांचा पत्ताच नव्हता. वसंता धरून सोळा जमली.

शाळेच्या फाटकाशी दिगंबरराव वसंताचा दंड धरून उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या जवानानं अडवलं तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "इमामखाँला घेऊन आलोय. जाऊ द्या."

बॅन्डचा नियम असा होता की गैरहजर मुलाचं वाद्य त्याच्या जागेवर जमिनीवर ठेवायचं आणि शेजारच्यानं त्याच्या नावाला उत्तर द्यायचं. त्याप्रमाणे पाच वाद्यं जमिनीवर ठेवली गेली. तिसऱ्या रांगेतली मोकळी जागा मोकळीच राहिली. तिच्या शेजाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, हाही नियम होता. मी त्या मुलाजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आज किसन नारायणचं तू बोल." तो म्हणाला, "न्हाई गुरुजी. मास्तरांनी सांगितलंय. त्याचं तोच."

मास्तरांना आणलं. दोरी मनगटांना मागून बांधलेली होती. शेरवानीचं वरचं बटण तुटलं होतं. त्यांनी रांगा पाहिल्या, जमिनीवरची वाद्यं पाहिली आणि मान खाली घातली.

अधिकाऱ्यानं वही उघडली. शिसपेन्सिल काढली.

"पेद्रू."

"हाजिर."

"इमामखाँ."

"हाजिर," वसंता म्हणाला. दिगंबरराव फाटकाशी हात जोडून उभे होते.

अधिकारी प्रत्येक उत्तरानंतर त्या मुलाकडे नीट पाही आणि मग खूण करी. जमिनीवरच्या वाद्यांच्या वतीनं शेजाऱ्यांनी उत्तरं दिली, ती पद्धत त्यानं मला विचारून घेतली आणि मान्य केली. सोळावं नाव झालं.

"किसन नारायण."

मी चार मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

"हाजिर."

आवाज बारीक होता, मुलाचा होता, तिसऱ्या रांगेतून आला. मी त्या रांगेपासून पाच पावलांवर होतो. अधिकाऱ्यानं न पाहता खूण केली, मग सवयीप्रमाणे वर पाहिलं. त्याला मोकळी जागा दिसली. जागेच्या दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांकडे बघत होती.

"कौन बोला?"

त्यानं मुलं मोजली. सोळा. पुन्हा मोजली. मग पुन्हा वहीकडे पाहिलं आणि नाव परत पुकारण्यासाठी तोंड उघडलं.

"दुबारा मत पुकारिए साहब!"

लतीफ मास्तर ओरडले होते. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बांधलेल्या हातांनी ते दोन पावलं पुढे आले होते आणि पहारेकऱ्यानं त्यांना धरलं होतं. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं अठरावं नाव घेतलं. बाविसाव्यापर्यंत सगळी उत्तरं मिळाली.

शब्द दिला होता तो त्यानं पाळला. दोरी सोडायला सांगितली. मास्तर गेले नाहीत. मनगटं चोळत ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि सॅल्यूट केला.

"साहब, आप फौजी हैं. नाम काटने का हुकूम दीजिए. पचास साल से खड़े हैं."

मला वाटतं, त्या तरुणाला मागणी समजली. मी हकिकत सांगितली होती, तिच्यात हा भाग होता. त्यानं वही पुन्हा उघडली, पेन्सिल पानावर टेकवली. त्याची नजर सतराव्या ओळीवर गेली, तिथून तिसऱ्या रांगेकडे. थोड्या वेळानं त्यानं वही मिटून मास्तरांच्या हातात दिली.

"जो हाजिर है, उसका नाम मैं कैसे काटूँ?"

तो जीपकडे गेला. जाताना त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

त्या गुरुवारनंतर मास्तरांनी हजेरी घेतली नाही. शाळा पुन्हा सुरू झाली, सोमवारी मुलं मैदानावर उभी राहिली, पण मास्तर बॅन्डच्या खोलीत कुलूप हातात घेऊन बसून राहिले. मी गेलो तेव्हा म्हणाले, "हिसाबवाले, माझ्या बापानं त्याला रोज पुकारलं. मी पुकारलं. एकदा बी आवाज दिला न्हाई. आमी समजत व्हतो, तो गेला. आमीच त्याला धरून ठेवलं व्हतं, हे आता कळलं."

"पण त्याच्यामुळेच तुम्ही सुटलात."

"व्हय," ते म्हणाले. "मी सुटलो."

थंडी सुरू होता होता त्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होते. दिगंबररावांच्या घरून रोज भाताची पेज यायची, वसंता घेऊन यायचा. शेवटच्या दुपारी मास्तरांनी मला उशाखालचं एक बासन काढायला लावलं. आत हजेरीची जुनी वही होती, त्यांच्या वडिलांच्या हातची. पानं पिवळी पडली होती, शाई तपकिरी झाली होती.

"दोन्ही वह्या तुमी ठेवा. शाळेत ठेवू नका, कोनी पुकारंल." बोलताना त्यांना धाप लागत होती. "ह्या जुन्या वहीत तेविसावं नाव हाय. ते पुकारू नका. मला रांगेत उभं राह्यचं न्हाई. मला झोपायचं हाय."

मी वचन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. त्यांना ईदगाहच्या मागं दफन केलं, चौथ्या ओळीत. बॅन्ड वाजला नाही. मुलं आली होती, पण वाद्यं आणू नका असं मीच सांगितलं होतं.

घरी येऊन मी जुनी वही उघडली. बावीस नावांखाली, त्याच हाताच्या अक्षरात, तेविसावं नाव होतं. पुढे कामाच्या जागी "ढोल" असं लिहिलं होतं आणि वय सहा वर्षं. भरतीचा दिवस बाविसावा माणूस गेला तोच. हवालदारानं त्या दिवशी आपल्या मुलाला बॅन्डात दाखल केलं होतं, शेवटच्या मयतीला ढोल वाजवायला बरोबर कुणीतरी हवं म्हणून. नावापुढे हजेरीची एकच खूण होती. त्यानंतरचे सगळे रकाने रिकामे. मुलाला घरी नेल्यावर बापानं ते नाव पुन्हा पुकारलं नव्हतं, आणि नंतर मुलानं स्वतःला पुकारलं नाही. उरले दोन, हा त्यांचा हिशेब बरोबर होता.

दोन्ही वह्या माझ्याकडे आहेत. नव्या वहीत सतराव्या ओळीतली शेवटची खूण शिसपेन्सिलीची आहे. ती माझी नाही आणि मास्तरांचीही नाही. बावीस नावं काटायचा हुकूम अजून आलेला नाही. तेविसावं नाव मी मोठ्यानं कधी वाचलं नाही, आणि छापलेलं नाव कोण कुठे मोठ्यानं वाचेल याची खात्री देता येत नाही. म्हणून ते इथे दिलेलं नाही.